सतराव्या नावाआधी

नमस्कार श्रोतेहो.

दगड उलटावा आणि खाली गोल वेटोळं करून बसलेला दिसावा, तो वाणी. कुणी त्याला पैसा म्हणतं, पुस्तकात मिलिपीड. गोमेशी मात्र त्याची गल्लत नको. गोमेला प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी. वाण्याला बहुतेक कड्यांना दोन. गोम शिकार करते, हा बापडा कुजका पाला खाऊन राहतो.

अमेरिकेच्या अपालाचियन डोंगरांत अशाच वाण्यांच्या १७ नव्या जाती सापडल्याचं २०२२ साली डेरेक हेनन, जॅक्सन मीन्स आणि पॉल मारेक यांनी जाहीर केलं. सगळ्या नॅनारिया या एकाच प्रजातीतल्या. गाजली ती एकच, गायिका टेलर स्विफ्टच्या नावाची: नॅनारिया स्विफ्टे. शेवटचा 'ए' हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे 'स्विफ्टची'. पुरुषाचं नाव असतं, तर प्रत्यय बदलला असता. दुसरी एक जात हेनन यांनी पत्नीच्या नावे केली. तिची बातमी कोण करणार म्हणा!

पण नाव ठेवणं हे शेवटचं आणि सोपं काम. आधी पालापाचोळा उपसायचा, ओंडके उलटायचे. संग्रहालयांतले जुने नमुने धरून १८०० हून जास्त वाणी या मंडळींनी तपासले. वरून पाहिले, तर सारे भाऊभाऊच: साधारण दोन ते चार सेंटिमीटरचे, चकचकीत तपकिरी ते काळे, अंगावर पांढरे, लाल किंवा नारिंगी ठिपके. रंगावर विसंबलात, तर फसलात.

खरी खूण सातव्या कड्याखाली. प्रौढ नराच्या तिथल्या पायांची एक जोडी चालण्याच्या कामाची उरलेली नसते. तिचा बाकदार आकडा झालेला असतो, मीलनासाठी. या आकड्याची वळणं जातीगणिक निराळी. सूक्ष्मदर्शकाखाली तो सुटा करायचा, त्याचं चित्र काढायचं, शब्दांत वर्णन करायचं. मग डीएनए जुळवून पाहायचा. शेवटी एक नमुना निवडायचा, त्याला नामधारक नमुना म्हणू. पुढे कुणाला शंका आली, तर वाद त्या एका नमुन्यापाशी येऊन मिटवायचा.

आणि दगडाखाली नुसती मादीच सापडली तर? तिला तो आकडा नसतो. मग नुसत्या रूपावरून चिठ्ठीवर बहुधा 'नॅनारिया' एवढंच लिहिता येतं, आणि पुढची जागा कोरी राहते.