डिजिटल शैक्षणिक साहित्य: नोंद, हक्क आणि राखण

(रत्नागिरी येथे शिक्षक व ग्रंथपाल यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, शिक्षक बंधुभगिनींनो आणि ग्रंथपाल मित्रहो,

कोकणातल्या शाळांना आज डिजिटल साहित्याची वाण नाही. पेन ड्राइव्ह, शिक्षकांचे व्हॉट्सअॅप गट, लोकसहभागातून मिळालेले टॅब, कुणाचे तरी वैयक्तिक गुगल ड्राइव्ह, अशा अनेक ठिकाणी कार्यपत्रिका, ध्वनिफिती, चित्रफिती आणि प्रश्नपेढ्या पडून आहेत. अडचण आहे ती हवी ती वस्तू हव्या त्या तासाला हाती लागण्याची. म्हणून सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न मी आज मागे ठेवणार आहे आणि नोंद कशी करावी हा पुढे घेणार आहे. ज्या फाइलची नोंद नाही ती आपल्या संग्रहात आहे असे मानूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, एखाद्या बाईंनी हर्णैच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची चार मिनिटांची चित्रफीत तयार केली. मोबाइलने तिला आपोआप दिलेले नाव म्हणजे तारखेच्या आकड्यांची एक माळ. ती गटावर टाकली की तिचा दर्जा उतरतो, नाव पुन्हा बदलते आणि दुसऱ्या वर्षी ती नेमकी कुणी, कुठे, कशासाठी केली होती हे सांगायला त्या बाईंशिवाय कुणी उरत नाही. आता हिची नोंद करू. जगभर वापरात असलेली 'डब्लिन कोअर' ही वर्णनपद्धती १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन येथे झालेल्या बैठकीतून पुढे आली आणि तिच्यात मूळ १५ घटक आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा, स्वरूप, हक्क इत्यादी. आपल्याला सगळे १५ भरायची गरज नाही. सातआठ नीट भरले तरी पुरेत. शीर्षकात 'भरती-ओहोटी' एवढेच न लिहिता 'हर्णै किनाऱ्यावरील उधाणाची भरती' असे लिहावे. विषयात पाठ्यपुस्तकातले शब्द यावेत, 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' हे दोन्ही यावेत, आणि इयत्ता व पाठही यावा, कारण शोधणारा शिक्षक त्यांतले कोणते टंकेल हे आपल्या हाती नसते. दिनांकाबरोबर मी तिथीही लिहायला सांगेन. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते आणि भांग अष्टमीच्या सुमारास. त्यामुळे चित्रीकरण कोणत्या तिथीचे हे नोंदलेले नसेल, तर पाणी कितपत चढले यावरून दोन भरत्यांतला फरक वर्गात समजावून देता येत नाही, आणि ती चित्रफीत समुद्राचे एक सुंदर दृश्य एवढीच उरते. हे नोंदपत्रक भरायला पाच मिनिटे लागतात. ती चित्रफीत संग्रहात घेतानाच द्यावीत. 'मागाहून करू' म्हणून ठेवलेली नोंद सहसा होत नाही.

मराठीत शोधण्याची एक खास अडचण आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली कार्यपत्रिका पडद्यावर मराठी दिसते, पण तिच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असतात. संगणकाला 'अपूर्णांक' शोधायला सांगितले तर तो त्या फाइलीवरून बिनदिक्कत पुढे जातो. स्कॅन केलेल्या पीडीएफचे तर नुसते चित्रच असते. अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचेच ठरलेले संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्याव्यात, स्कॅनमधला मजकूर 'टेसरॅक्ट'सारख्या मोफत अक्षरओळख प्रणालीने काढून एकदा डोळ्यांखालून घालावा, आणि तेवढी सवड नसेल तर निदान नोंद तरी युनिकोडमध्येच करावी. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ राहतीलच; त्यासाठी विषयशब्दांची एक ठरलेली यादी केंद्रशाळेच्या पातळीवर करावी आणि सर्वांनी त्या यादीतूनच शब्द उचलावेत.

आता हक्कांविषयी. इथे आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आढळतात: इंटरनेटवर आहे म्हणजे सर्वांचे आहे, हा एक, आणि दुसऱ्याचे काही वापरले की गुन्हाच झाला, हा दुसरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात पुनर्मुद्रणाची मुभा देते, आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातील छायाप्रतींच्या गाजलेल्या खटल्यात ही मुभा बरीच व्यापक अर्थाने लावली. परंतु वर्गासाठी छायाप्रत काढणे वेगळे आणि तेच पान सर्व जगाला उतरवून घेता येईल अशा खुल्या संग्रहात ठेवणे वेगळे. दुसऱ्या कृतीला पहिलीची मुभा आपोआप लागू होते असे कुणी समजू नये. स्वतः तयार केलेल्या साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांनी ते कोणत्या अटींवर वापरावे हे आधीच सांगणारा, परवाना लिहावा. या परवान्यांची पहिली आवृत्ती २००२ साली आली. त्यांतला सर्वांत मोकळा परवाना मूळ निर्मात्याचे श्रेय द्यावे एवढीच अट घालतो. मात्र नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. त्यामुळे परवाना लिहिण्याआधी संस्थेची लेखी संमती घेतलेली बरी. चित्रफितीत मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांचीही.

असा संग्रह ठेवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सांगतो. एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ साली आणलेले 'डीस्पेस' महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना शोभते, कारण सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस तिथे मिळू शकतो. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले 'ग्रीनस्टोन' त्याहून सुटसुटीत आहे. वाडीवरच्या शाळेत, जिथे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही रुसून बसतात, तिथे 'कोलिब्री' उपयोगी पडते. साहित्य एकदा भरून घेतले की एका छोट्या संगणकावरून ते शाळेपुरत्या वायफायवर, इंटरनेटशिवाय, मुलांच्या टॅबवर दिसते. आणि साहित्य शंभर-दोनशे वस्तूंचेच असेल, तर नीट नावे दिलेले फोल्डर आणि एक स्प्रेडशीट यांनी काम भागते. उगाच मोठे सॉफ्टवेअर बसवून ते वर्षभरात बंद पडू देण्यात काय हशील? 'दीक्षा' हे सरकारी शैक्षणिक संकेतस्थळ किंवा राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांवर जे आहे त्याची नक्कल करत बसू नये. तिथला दुवा नोंदवावा आणि आपली ताकद आपल्या गावचे, आपल्या बोलीतले, दुसरीकडे न मिळणारे साहित्य जमवण्यात लावावी.

राखणीचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर अधिक बिकट आहे. खारी हवा आणि दमटपणा यांनी जोडण्या गंजतात, हार्ड डिस्क अचानक दगा देते. जून २०२० मधले निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. शाळेतला संगणक आणि त्याच कपाटातली त्याची जादा प्रत एकाच पाण्यात जातात. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम कसोशीने पाळावा. वाशिष्ठीकाठच्या शाळेने आपली एक प्रत दापोलीच्या किंवा कुडाळच्या शाळेत ठेवावी आणि त्यांची आपण ठेवावी. नुसती प्रत असून भागत नाही, ती शाबूत आहे का हेही पाहावे लागते. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून संगणक एक आकडाक्षरी खूण काढून देतो. फाइलीतले एक अक्षर बदलले तरी ती खूण बदलते. घरोघरी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीची, तयारी होते, तशी या खुणांची पडताळणीही त्याच महिन्यात उरकावी.

त्याच वेळी संग्रहातून काय काढायचे हेही ठरवावे. अभ्यासक्रम बदलला की जुन्या पाठाच्या कार्यपत्रिका मुलांना चकवतात, दुवे तुटतात, एकाच कवितेच्या दहा ध्वनिफिती जमतात. काढलेली वस्तू पुसून टाकायची गरज नाही; ती निराळ्या फोल्डरात, कारणासह नोंदवून ठेवावी. साहित्य काढायचे धैर्य नसलेला ग्रंथपाल संग्रह वाढवतो, पण शोधणाऱ्याचे काम अवघड करतो, हे कटू असले तरी मी बोलून दाखवतो.

शेवटची बाब प्रशासनाची आहे. संग्रह एका उत्साही गुरुजींच्या खाजगी ईमेलवर उभा असतो आणि त्यांची बदली झाली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. खाते शाळेच्या नावाने काढावे, दोन व्यक्तींकडे त्याची किल्ली असावी, आणि मुख्याध्यापक चार्ज देता-घेताना जड वस्तूंच्या रजिस्टराबरोबर या संग्रहाची यादी, त्याच्या प्रती कुठे आहेत याची नोंद आणि शेवटच्या पडताळणीची तारीख यांवरही दोघांच्या सह्या घ्याव्यात.