भिंतीला जाडी द्या: बाहुलीघराच्या खोल्यांविषयी

(बडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘बाहुलीघराच्या खोल्या: सजावटीचा क्रम’. क्रम मी सांगणार आहे, पण आधी मला भिंतीबद्दल बोलू द्या. भिंत चुकली की पुढचं सगळं कितीही शिस्तीत केलं तरी खोली खोक्यासारखीच दिसते. मग आपण ते खोकं लपवायला फर्निचर भरत सुटतो.

एकास बारा हे प्रमाण इथे सगळ्यांना ठाऊक आहे. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. बारा फुटी खोली बारा इंचांची, सात फुटी दार सात इंचांचं. लांबी, रुंदी, उंची आपण बरोबर बारानं भागतो. जाडीला मात्र भागत नाही, ती प्लायवुडच्या दुकानातून जशी येते तशी घेतो.

हिशोब करून बघा. लेझरने कापून आणलेलं घर साधारण ६ मि.मी. प्लायचं किंवा एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीचं असतं. बारानं गुणलं की ७२ मि.मी., म्हणजे तीन इंचांनाही थोडे कमी. इतकी पातळ भिंत कुणाच्या घरात असते? अर्ध्या विटेची भिंतसुद्धा साडेचार इंचांची. नऊ इंची भिंत दाखवायची तर १९ मि.मी. लागतात, आणि आपल्या जुन्या वाड्यांसारखी दीड फुटी भिंत हवी असेल तर ३८. ही जाडी डोळ्याला दिसते फक्त तीन जागी: दारात, खिडकीत आणि कोनाड्यात. पण खोली खरी की खोटी हे डोळा याच तीन जागी ठरवतो.

यासाठी जाड लाकूड आणायची गरज नाही, त्यानं घर उचलवणार नाही. दुहेरी भिंत करायची. बाहेरची ६ मि.मी. प्लायची, आतली ३ मि.मी.ची, आणि मध्ये लाकडी पट्ट्या. नऊ इंची भिंतीला १० मि.मी.च्या पट्ट्या, दीड फुटीला २९ मि.मी.च्या. पट्ट्या चारी कडांना आणि प्रत्येक दार-खिडकीच्या चौफेर द्या, नाहीतर आतला पातळ पत्रा दारापाशी बोट लावलं की दबतो. मधल्या पोकळीत दिव्यांच्या तारा जातात आणि कोनाड्याची खोलीही तिथेच मिळते. कोनाडा म्हणजे आतल्या पत्र्याला भोक पाडून मागून चिकटवलेली पुठ्ठ्याची डबी. खरा कोनाडा फूटभर रुंद, सव्वा फूट उंच, आठ इंच खोल धरा. आपला होईल २५ बाय ३२ बाय १७ मि.मी., म्हणजे तो दीड फुटी भिंतीतच मावेल. डबीच्या आतले कोपरे पातळ पुट्टीनं भरून थोडे गोल करा. चुन्याच्या गिलाव्याला धारदार कोपरा नसतो.

एक गोष्ट मात्र लाकूड कापायच्या आधी ठरवावी लागते. दोन्ही बाजूंना दीड दीड इंच भिंतीत जाणार, म्हणून बारा इंचांची खोली हवी तर बाहेरचं माप पंधरा इंच घ्या. घर तयार झाल्यावर आतून दुसरी भिंत बसवायला गेलं की खोली नऊ इंचांची उरते. मग पलंग बसत नाही, आणि लोक पलंग कापतात.

आता खिडकी, आणि इथे शिकागोला जावंच लागतं. तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न रूम्स नावाच्या ६८ खोल्या आहेत, एकास बारा प्रमाणात. नार्सिसा निब्लॅक थॉर्न या बाईंनी १९३२ ते १९४० या काळात कुशल कारागिरांकडून त्या करवून घेतल्या. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या काळांतल्या खोल्या. लोक त्यातल्या खुर्च्या आणि गालिचे वाखाणतात. त्यात बघण्यासारखं त्याहून मोठं काही आहे: खोली खोलीपाशी संपत नाही. खिडकीबाहेर रंगवलेला देखावा असतो आणि त्यावर आडून सोडलेला उजेड. अर्धवट उघड्या दारातून पलीकडची मार्गिका दिसते, तिच्या टोकालाही उजेड असतो. आपण ज्या खोलीत डोकावतो तिच्यात ऊन बाहेरून येतं, छताला लटकवलेल्या बल्बमधून येत नाही. एखाद्या खोलीत एकही माणूस नाही, बाहुली नाही, तरी कुणीतरी आत्ताच उठून शेजारच्या खोलीत गेलंय असं वाटतं. हे सगळं साधतं कारण खिडकीला जाडी आहे, आणि तिरपा उजेड त्या जाडीवर आधी पडतो.

घरी हे करायला फार लागत नाही. खिडकीच्या मागे दोन-तीन इंचांवर आकाशाचा मॅट कागद कमानीसारखा वाकवून लावा. सपाट लावला तर कडा दिसतात. वर, चौकटीच्या आड, एलईडीची पट्टी. कागदावर झाड किंवा समोरच्या घराची कौलं काढायची असतील तर फिकट आणि किंचित धूसर काढा, बाहेरचं चित्र खोलीपेक्षा गडद झालं की ते भिंतीवर टांगलेलं वाटतं.

थॉर्नबाईंच्या खोल्या त्यांच्या तिकडच्या. मला मनापासून वाटतं की आपण इथे बसून व्हिक्टोरियन दिवाणखाने करू नयेत. रावपुऱ्यात तांबेकर वाडा उभा आहे. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालची वास्तू, लाकडी सांगाडा, वर भिंतीभर चित्रं. एकोणिसाव्या शतकातली अशी चित्रखोली आपल्या गावात असताना नमुना दुसरीकडे का शोधायचा? तिथे जाऊन फक्त मापं घ्या. दाराची चौकट किती रुंद, तुळई किती जाड, दोन कड्यांत अंतर किती, हे वहीत लिहा. सहा बाय आठ इंचांची तुळई असेल तर आपली १३ बाय १७ मि.मी.ची. फूटभर अंतरावरच्या कड्या आपल्याकडे इंचभर अंतरावर येतील. लाकूड मात्र सागवान घेऊ नका, हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं. सागाची छिद्रं आणि रेषा मोठ्या, बारापट लहान तुळईवर त्या चरासारख्या दिसतात. हळदूसारखं बारीक पोताचं लाकूड घ्या आणि त्याला सागाचा रंग द्या. रंग आधी, डिंक नंतर. फेविकॉलचा थेंब जिथे सांडला तिथे डाग शोषला जात नाही, पांढुरका ठिपका राहतो आणि तो नंतर कशानंही जात नाही.

भित्तिचित्रं छापून लावायची तर हिशोब असा. तीन फुटी चित्र तीन इंचांचं होतं. मूळ चित्रातली २ मि.मी.ची काळी रेघ आपल्याकडे ०.१७ मि.मी.ची. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापले तर, ती जेमतेम दोन ठिपक्यांची होते आणि तुटक दिसते. म्हणून ६०० ला छापा, मॅट कागदावर, आणि रंगांचा भडकपणा आधी थोडा उतरवा.

भडकपणाचं निघालंच आहे तर चकाकीबद्दल बोलते. ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी जिथे बोलावतील तिथे मांडते. चकाकी लहान होत नाही. खोली बारापट लहान केली तरी ऑइलपेंटवर दिसणारं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तुमच्या खऱ्या खोलीतलंच राहतं. भिंतीवर पांढरा पट्टा उमटला की पाहणाऱ्याला खोली दिसत नाही, रंग दिसतो. भिंतीला मॅट इमल्शन किंवा डिस्टेंपर द्या, आणि ब्रशने नाही, स्पंजच्या बारीक रोलरने, पातळ तीन हात. ब्रशचा १ मि.मी.चा ओघळ म्हणजे भिंतीवरचा १२ मि.मी.चा ओघळ, कुठला रंगारी असा हात ठेवून घरी जाईल? लाकडाला लाखेचं पॉलिश दिलंत तर सुकल्यावर चार शून्य (००००) नंबरच्या बारीक स्टील वुलने हलक्या हाताने मारून घ्या.

याला एक अपवाद ठेवा. संखेडा आपल्यापासून लांब नाही. खरादावर, म्हणजे लेथवर उतरवलेलं, लाखेनं झळाळणारं ते फर्निचर आपल्या भागाचं आहे. सगळी खोली मॅट असली आणि मध्ये एकच संखेड्याचा झोपाळा झळकत असला तर ती चकाकी शोभते. पण तो झोपाळा प्रमाणात हवा. पाच बाय दोन फुटांची फळी म्हणजे पाच बाय दोन इंच, आणि कड्यांना दागिन्यांची बारीक पितळी साखळी. बाजारात शोभेची म्हणून मिळणारी खुर्ची पुष्कळदा सहा इंच उंच असते. बाहुलीघरात ती सहा फुटांची झाली.

पितळी भातुकलीचंही हेच होतं, आणि ते सांगताना जिवावर येतं, कारण ती बहुधा आजीची असते. दीड इंच उंच पातेलं एकास बारात दीड फुटाचं होतं. चौघांच्या स्वयंपाकघरात लग्नाचं तपेलं. फूटभर उंचीची घागर इंचभरच हवी. आजीची भातुकली वेगळ्या फळीवर मानाने मांडा, बाहुलीघरात नको.

जुन्या स्वयंपाकघराची सारवलेली जमीन करायची असेल तर मुलतानी माती, तितकाच पांढरा डिंक, थोडी लाकडाची बारीक भुकटी आणि हिरवट-तपकिरी रंग. थर १ मि.मी.पेक्षा जाड नको. माती सुकताना आकसते आणि जाड थर तडकतो, भुकटी त्या तडा धरून ठेवते. सारवणाच्या कमानी बोटांनी काढू नका. खरा तळहात चार इंच रुंद, म्हणून ८ मि.मी.चा चपटा ब्रश. हात दीड फुटाची कमान काढतो, म्हणून ब्रशनं दीड इंचाची.

घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं. बरं, क्रम.

आधी सगळं घर डिंकाशिवाय उभं करा, पेन्सिलीनं प्रत्येक तुकड्यावर वर-खाली, आत-बाहेर लिहा, आणि पुन्हा सोडवा. खोली रंगवायची ती तुकडे टेबलावर आडवे असताना. घर जोडून मग आत हात घालणाऱ्याला कोपरे पोचत नाहीत. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना सीलरचे दोन हात. आणि पत्रा दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूला पाण्याचा रंग लागला की तो वाकतो. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात येतं त्यांनी तळमजल्याला एमडीएफ वापरूच नये. एकदा फुगलं की ते परत बसत नाही. तिथे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय.

पहिलं छत. मग तारा. १२ व्होल्टचा अडॅप्टर, आणि प्रत्येक ३ मि.मी.च्या वॉर्म व्हाइट एलईडीला करंट आवरणारा स्वतंत्र ६८० ओहमचा रेझिस्टर. साधारण १३ मिलीअँपिअर जातात. कोनाड्यातल्या समईला २.२ किलोओहम, म्हणजे ४ मिलीअँपिअर, तेवढं पुरतं. चार दिवे समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर देऊ नका. एखादा जास्त करंट ओढतो आणि आधी जातो. एलईडी मंद केला तरी पिवळा होत नाही. ज्योतीचा रंग हवा तर टोकाला काचेवरचा पारदर्शक नारिंगी रंग लावा. आतली भिंत बंद करण्याआधी सगळे दिवे रात्रभर पेटते ठेवून बघा.

मग भिंतीचा कागद. खळ मैद्याची, एक भाग मैदा, पाच भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली. कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलं खेळणार असतील तर नको. इंकजेटची छपाई ओल्या खळीत पसरते, लेझर प्रिंट घ्या. खळ भिंतीला लावा, कागदाला नाही. कोपऱ्यात एक कागद ३ मि.मी. पुढे वळवा आणि दुसरा त्यावर कोपऱ्यातच संपवा. पावसाळ्यात हे काम टाळा. कागद ओलाव्याने रुंदावतो आणि दिवाळीत कोरडा झाला की सांधा उघडतो.

फरशी २ मि.मी. पुठ्ठ्यावर वेगळी करा आणि चारी बाजूंनी १ मि.मी. लहान कापा. फट पट्टीखाली लपते आणि तारेत बिघाड झाला तर फरशी उचलता येते. आठ इंची सिमेंट टाइल १७ मि.मी.ची, दोन फुटी शहाबादी दोन इंचांची. त्यानंतर चौकटी आणि भिंतीखालची पट्टी, चार इंची म्हणजे साडेआठ मि.मी. हे सगळं बाहेरच रंगवून, सुकवून आणा.

पडदे शेवटी. जुन्या धोतराचं मऊ मलमल चालतं. थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या धरा, पातळ स्टार्च मारा आणि वाळल्यावरच काढा. नऊवारी वाळत घालायची असेल तर २७ इंच लांब. भांडी जागेवर राहावीत म्हणून मेण लावतात, पण बडोद्याच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं आणि कागदावर तेलकट वर्तुळ सोडतं. फरशीच्या रंगाचा छोटा पुठ्ठा मध्ये ठेवा.

उठवतायत, तरी एवढं राहिलं. खोलीतल्या उभ्या माणसाचा डोळा पाच इंचांवर, आणि खुर्चीवर बसलेल्या पाहणाऱ्याचा साधारण चार फुटांवर. म्हणून खोलीची जमीन साडेतीन फुटांवर यायला हवी, तरच दारा-खिडकीची जाडी समोरून दिसेल. खालच्या टीपॉयवर ठेवलेल्या घरात फक्त फरशी दिसते. सुताराला स्टँडचं माप द्यायच्या आधी घर पुस्तकांच्या ढिगावर ठेवा, समोर खुर्चीवर बसा, आणि खिडकीतून पलीकडचं आकाश दिसेपर्यंत पुस्तकं वाढवत जा.