मुंबईचं पाणी शहापूरच्या डोंगरातून

(जूनची अखेर. तानसा धरणाची दगडी भिंत, मागे ढगांत बुडालेले डोंगर.)

कुलाब्यात आणि सांताक्रूझला किती मिलिमीटर पाऊस झाला, याची बातमी होते ती तुंबलेल्या रस्त्यांमुळे आणि रखडलेल्या लोकलमुळे. मुंबईच्या नळाला वर्षभर पाणी येणार की कपात होणार, हे ठरतं ते इथे. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांत. शहापूर, मोखाडा, इगतपुरी. आझाद मैदानात मुसळधार कोसळला आणि इथे दडी मारून बसला, तर महापालिकेच्या लेखी तो पाऊस झालाच नाही.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात. दरवर्षी जुलैत पहिली आनंदाची बातमी येते ती बहुधा तुळशी किंवा विहार भरून वाहू लागल्याची. फोटोही छान येतात. पण सातही तलावांची मिळून साठवणक्षमता आहे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि शहराच्या हद्दीतल्या या दोघांचा त्यातला वाटा शंभर लिटरमागे जेमतेम अडीच लिटर. खरी बातमी भातसाची. निम्मा साठा एकट्या भातसात असतो, आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे.

सुरुवात घरातूनच झाली होती. मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला, १८६० साली त्याचं पाणी शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशी. गिरण्या वाढल्या, माणसं वाढली, आणि दोन्ही तलाव अपुरे पडले. मग खाडी ओलांडून इंग्रजांनी तानसा नदी गाठली. १८९२ पासून ही भिंत उभी आहे. तेव्हापासून मुंबईची तहान ईशान्येकडे सरकत गेली ती आजतागायत. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर झाला, पालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाचा. त्याच नदीवर वर, थेट नाशिक जिल्ह्यात, ऊर्ध्व वैतरणा. मग भातसा. आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच.

(नकाशा. निळ्या रेषा पश्चिमेकडे उतरतात.)

आता पाणी प्रत्यक्षात येतं कसं, ते पाहू. वैतरणा आणि तानसाचं पाणी उतारानेच येतं. प्रचंड जलवाहिन्यांतून, बोगद्यांतून ते भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात पोचतं. पंपाची गरज नाही. भातसाची तऱ्हा वेगळी. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून भिवंडीजवळच्या पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहतं. तिथे ते उपसायचं आणि पांजरापूरला शुद्ध करायचं. म्हणून पिसेत वीज गेली की दुसऱ्या दिवशी मुंबईत दहा टक्के पाणीकपातीची चौकट वर्तमानपत्रात छापून येते. पिसे कुठे आहे, हे ती वाचणाऱ्या किती जणांना सांगता येईल, कोण जाणे! पुढे हे पाणी टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्यांच्या पायाखाली असाच एक जलाशय आहे.

दिवसाला ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर. रोज.

(मे महिना. कसाऱ्याच्या परिसरातला एक पाडा. विहिरीच्या काठावर हंडे.)

आणि हा त्याच शहापूर तालुक्यातला उन्हाळा. मार्च सरला की विहिरी तळाला जातात आणि पाड्यांवर टँकर सुरू होतात. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. इथे तो मुंबईच्या तोडीस तोड पडतो. पण वस्त्या माळावर, पाणी दरीत. खाली काळा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही. पडलेलं सगळं ओढ्यानाल्यांतून धरणात, आणि धरणातून शहरात. वाहिन्यांच्या वाटेवरच्या काही गावांना त्यातलं पाणी मिळतं. उंचावरच्या ठाकूर-कातकरी पाड्यांपर्यंत ते चढवायचं, तर वेगळी योजना हवी. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना त्यासाठीच आखली गेली. तिथवर पोचायला सव्वाशे वर्षं का लागावीत, याचं तांत्रिक उत्तर निदान आम्हाला तरी सापडलं नाही.

हे एकट्या मुंबईचं नाही. पालघरमधलं सूर्या धरण बांधलं शेतीसाठी. आज त्याचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या इमारतींसाठी राखून ठेवलं आहे, आणि कालव्याखालचे शेतकरी आपल्या वाट्याचा हिशेब मागताहेत. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ यांची मदार बारवी धरणावर. नवी मुंबईने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरणच विकत घेतलं, म्हणून ती जरा निर्धास्त असते. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे धरण.

आता पुढचा क्रमांक गारगाई धरणाचा. वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या जंगलात. त्यातून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर मिळावेत असा बेत आहे. त्यासाठी जंगल बुडेल, आदिवासी गावं उठतील. मुंबईच्या किनाऱ्यावर मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्पही कागदावर आहे. तो महाग पडतो, अशी तक्रार असते. महाग खरा. पण गारगाईच्या हिशेबात जंगलाची किंमत नुकसानभरपाईच्या रकान्यात बसवली जाते आणि मनोरीच्या हिशेबात विजेचं बिल पुरतं मोजलं जातं. दोन्ही प्रकल्पांना एकच तराजू लावा, आणि मग ठरवा स्वस्त कोणतं ते.