‘क्राक’ म्हणजे नेमका कुठवर पाय?

(दृश्य : बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथली ट्राम, मागे वितोशाचा डोंगर)

“तुमचे पाय किंवा पावलं बधिर होतात का?” मधुमेहाच्या रुग्णाला विचारायचा हा एवढासा प्रश्न इंग्रजी प्रश्नावलीतून बल्गेरियनमध्ये न्यायचाय. मूळ इंग्रजीत ‘लेग’ वेगळा, ‘फूट’ वेगळा. बल्गेरियन माणूस मात्र मांडीपासून बोटांपर्यंत सगळ्यालाच ‘क्राक’ म्हणतो. आपण पाय म्हणतो ना, तसंच. खांद्यापासून खाली सगळा ‘रका’, म्हणजे आपला हात. हातापायांच्या बोटांनाही शब्द एकच, ‘प्रस्त’.

मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. अडतं ते अनुवादकाचं. मधुमेहातला बधिरपणा बहुधा पावलांत सुरू होऊन वर चढतो, आणि तो कुठवर आलाय हेच तर डॉक्टरांना हवं असतं. पावलासाठी ‘स्तपालो’ हा शब्द आहे. पण जिन्याची पायरीसुद्धा स्तपालोच!

(दृश्य : दवाखान्यातले बाक, हातात सिरिलिक लिपीतला फॉर्म)

शरीराचं हे असं. मग मनाचं काय?

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. प्रश्न एकूण नऊ, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. बेरीज १० झाली की डॉक्टर सावध होतात. सहावा प्रश्न स्वतःबद्दल वाईट वाटण्याचा. बल्गेरियनची ठेवण इथेही आपल्या ओळखीची आहे. तिथेही थंडी ‘मला’ वाजते, दुःख ‘मला’ होतं. म्हणून ‘वाईट’ आणि ‘मला’ जोडून ‘लोशो मि ए’ लिहून मोकळं व्हावं, तर त्याचा रोजचा अर्थ निघतो : मला मळमळतंय. उलटीची भावना नैराश्याच्या खात्यात जमा!

(दृश्य : टेबलावर दोन मसुदे शेजारी शेजारी)

यावरचा रूढ उपाय असा : दोघांनी स्वतंत्र अनुवाद करायचा, दोन्ही जुळवून एक करायचा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो परत इंग्रजीत न्यायचा. पद्धत चांगली, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. एकूण तब्येतीची विचारपूस करणाऱ्या एसएफ-३६ या प्रश्नावलीच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत उदास या अर्थी ‘ब्लू’ शब्द होता. कुणी बल्गेरियनमध्ये त्याचं ‘सिन्’, म्हणजे निळा केलं, तर उलट अनुवादात ‘ब्लू’ बिनचूक परत येईल. कागदावर सगळं जुळलं. फक्त निळं वाटणं म्हणजे काय, हे रुग्णाला कळलेलं नाही.

आकडेवारीची तपासणी नंतर होते. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी मेळ खातात का, ते क्रोनबाखचा अल्फा हा आकडा सांगतो. ०.७० च्या वर गेला की सगळे खूश. पण सगळ्यांचा गैरसमज सारखाच झाला असेल, तरी अल्फा उत्तम येऊ शकतो.

म्हणून त्याआधी रुग्णांसमोर बसायचं. पाच ते आठ जण पुरतात. प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, “यातून तुम्हाला काय कळलं? तुमच्या शब्दांत सांगा.”

(दृश्य : एक आजी चष्मा सावरत फॉर्म वाचतात, मान डावी-उजवीकडे हलवतात)

आजी नाही म्हणत नाहीयेत. बल्गेरियात मान अशी हलली की तो होकार, आणि वर झटकली की नकार. परक्याशी बोलताना काही जण हे उलटवतातही. त्यामुळे मुलाखत घेणारी पेन उचलत नाही. आजींच्या तोंडून शब्द येईपर्यंत थांबते.

“दा.” म्हणजे हो.

आता ती लिहिते.