ऑपरेटरबाई आणि हिरवा ठिपका

अध्यक्ष महोदय आणि उद्योजक मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'कार्यालयीन संपर्काचे एकात्मिक सॉफ्टवेअर : एक परिचय' असा छापला आहे. दूरध्वनी, चॅट, व्हिडिओ बैठक, व्हॉइसमेल आणि फाइली एका खिडकीत आणणारी प्रणाली, ही व्याख्या विक्रेत्यांनी आपल्याला एव्हाना पाठ करून दिली असेल. माझे म्हणणे असे की पाच साधने एका खिडकीत कोंबल्याने संपर्क एकात्मिक होत नाही. समोरचा माणूस आत्ता कुठे आहे, तो बोलू शकतो का आणि कोणत्या मार्गाने गाठलेला त्याला चालेल, हे त्याला हाक मारण्यापूर्वीच कळले तर संपर्क एकात्मिक होतो. या माहितीला आपल्या क्षेत्रात 'प्रेझेन्स' म्हणतात, आणि विक्रीच्या सादरीकरणात तिच्या वाट्याला नावाशेजारचा एक ठिपका येतो.

मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तेथे ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, बोर्डावर एक बाई बसत असत. एक्स्टेन्शनचे नंबर त्यांना तोंडपाठ होतेच, पण त्यांचे खरे ज्ञान त्यापलीकडचे होते. "साहेब बॉयलरपाशी आहेत, तिथे काही ऐकू येत नाही, वर आले की मीच लावून देते," असे त्या सांगत आणि खरोखरच लावून देत. महिनाअखेरीस वसुलीचा फोन अकाउंट्सला जोडायचा नाही, मात्र बँकेतून आला तर साहेब जेवत असले तरी डबा बाजूला ठेवायला लावायचा, हा विवेक त्यांना कोणी शिकवला नव्हता. (अकाउंट्समधले दोघेजण सभागृहात हसताना दिसत आहेत, म्हणजे प्रथा सार्वत्रिक असावी.) पुढे थेट डायलिंग आले, बोर्ड गेला, बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामीच ठेवण्यात आली, कारण त्या नेमके काय काम करत होत्या, हे कोणी कागदावर लिहिलेलेच नव्हते.

तेव्हापासूनचा छळ आपण सगळेच सोसत आहोत. सुधारित ड्रॉइंग मेलने येते, ते पाठवल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, तो निळा झाला नाही म्हणून फोन येतो, फोन उचलला नाही तर माणूस शिपायाला पाठवतो, आणि या धावपळीत शॉप फ्लोअरवर जुन्याच ड्रॉइंगवर माल कापला जातो. निरोप चार वाटांनी गेला, पण तो घेण्याच्या स्थितीत कोणी आहे का, हे एकाही वाटेने विचारले नाही.

यावर उपाय म्हणून तो हिरवा ठिपका आला खरा, परंतु त्याला बहुतेक ठिकाणी कळते ते एवढेच की माऊस हलतो आहे की नाही. संगणक काही मिनिटे स्वस्थ राहिला की ठिपका पिवळा होतो. त्यामुळे ड्रॉइंग कागदावर पसरून विचार करणारा इंजिनिअर गैरहजर ठरतो आणि माऊसखाली काट्याचे मनगटी घड्याळ ठेवून चहाला गेलेला गृहस्थ कामात गर्क दिसतो. सेकंदकाट्याने ऑप्टिकल माऊस खरोखर फसतो. घरी करून पाहा, कार्यालयात नको.

अध्यक्षांनी चिठ्ठी पुढे सरकवली आहे, तेव्हा पत्रिकेतला विषय आता घाईने उरकतो.

या प्रणालींपैकी अनेकींचा, विशेषतः आवाजाच्या बाजूचा, पाया एसआयपी हा कॉल जोडण्या-तोडण्याचा खुला नियमसंच आहे. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या इंटरनेट नियमांच्या क्रमांकित दस्तऐवजात सुधारला गेला. कॉल लावताना 'इन्व्हाइट' जातो, पलीकडून '१८० रिंगिंग' आणि उचलल्यावर '२०० ओके' येते, आवाज मात्र वेगळ्या प्रवाहातून वाहतो. प्रेझेन्ससाठी 'सबस्क्राइब' पाठवायचे, म्हणजे सहकाऱ्याची स्थिती बदलताच 'नोटिफाय' येते. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न हा विचारावा की ही स्थिती कॅलेंडर, टेबलावरचा फोन आणि मोबाइल या तिन्हींवरून ठरते की फक्त माऊसवरून.

दुसरा प्रश्न कुंपणाचा. मेल कोणत्याही कंपनीतून कोणत्याही कंपनीत जातो, कारण मेल पोहोचवण्याचा १९८२ पासूनचा नियमसंच, एसएमटीपी, कोणाच्या मालकीचा नाही. याउलट टीम्स या चॅट प्रणालीवरच्या माणसाला स्लॅक या दुसऱ्या प्रणालीवरच्या ग्राहकाशी चॅट करायचे तर मध्ये तिसऱ्याच कोणाचा तरी पूल लागतो. एकात्मता आपल्या फाटकापाशी संपते आणि आपला निम्मा संपर्क फाटकाबाहेरचा असतो.

तिसरा मुद्दा खास भारतातला. पुण्याचा कॉल स्वतःच्या डेटा लाइनने चेन्नईच्या शाखेत नेऊन तेथील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यात सोडणे, म्हणजे टोल बायपास, नियमांना मान्य नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कॉल सेंटरांसारख्या सेवांवरचे निर्बंध बरेच सैल झाले, तरी ही अट लक्षात ठेवूनच एक्स्चेंजमध्ये 'लॉजिकल पार्टिशनिंग', म्हणजे डेटा लाइनवरचे आणि सार्वजनिक जाळ्यातले कॉल एकमेकांत मिसळू न देणारी मांडणी, लावून घ्यावे लागते. परदेशी माहितीपत्रकात हा भाग बहुधा नसतो. ज्यांच्या दोन शहरांत शाखा आहेत त्यांनी चहाच्या वेळी थांबावे, मी फळ्यावर आकृती काढून दाखवतो.