कॅमकॉर्डरसाठी कार्ड किती जीबीचं घ्यावं?

नमस्कार, श्रोतेहो.

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात, त्यापाठोपाठ शाळांची गॅदरिंग येतात, आणि कपाटातला कॅमकॉर्डर बाहेर निघतो. बॅटरी चार्जिंगला लागते आणि घरातलं कोणीतरी बर्डीवर मेमरी कार्ड आणायला जातं. दुकानात विचारतात, "कितीचं देऊ? बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस?" घेणारा अडखळला की दुकानदारच त्याची सुटका करतो, "मोठंच घेऊन टाका ना काका, पुरून उरते."

पुरेल की नाही, हे दुकानात बसून सांगता येत नाही. ते कॅमेऱ्याच्या मेनूत बघावं लागतं. तिथे रेकॉर्डिंग मोड नावाची एक ओळ असते. सोनीच्या कॅमेऱ्यात एफएक्स, एफएच, एचक्यू अशी अक्षरं दिसतील. पॅनासॉनिकमध्ये एचए, एचजी, एचएक्स. कॅननमध्ये एमएक्सपी, एफएक्सपी. ही अक्षरं पाठ करत बसू नका. प्रत्येक अक्षरामागे एक आकडा आहे, तो कामाचा. दर सेकंदाला किती मेगाबिट लिहिले जातात तो हा आकडा, म्हणजे एमबीपीएस. माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर त्याचा तक्ता असतो. सोनीचा एफएक्स आणि कॅननचा एमएक्सपी हे २४चे, सोनीचा एफएच आणि पॅनासॉनिकचा एचए हे १७चे, एचक्यू ९चा.

हा आकडा बिटचा आहे आणि कार्डावर छापलेला जीबी हा बाइटचा. ८ बिटचा एक बाइट. म्हणजे २४ एमबीपीएस म्हटलं की सेकंदाला ३ एमबी, मिनिटाला १८० एमबी, तासाला १०.८ जीबी. तोंडी करायला सोपी रीत सांगतो, कागद हाताशी असेल तर लिहून घ्या. एमबीपीएसचा आकडा निम्मा करा आणि जे येईल त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करा. २४चे निम्मे १२, त्यातून १.२ गेले, उरले १०.८. तासाला लागणारे जीबी हेच. याच रीतीने १७ला साडेसातच्या जरा वर येतात, २८ला १२.६. पुष्कळ कॅमकॉर्डर एव्हीसीएचडी नावाच्या प्रकारात चित्रण साठवतात. त्यातला सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम घेणारा जो सगळ्यात वरचा मोड आहे, तो हा २८चा. नव्या कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस नावाचा प्रकार असतो. त्यात फुल एचडी ५० एमबीपीएसने, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. आणि फोर-के जर १०० एमबीपीएसने घेतलं, तर तासाला तब्बल ४५ जीबी.

आता कार्ड समोर ठेवा. ३२ जीबीचं कार्ड २४च्या मोडला तीन तासांना थोडं कमी चालतं, १७ला चार तास. ६४चं कार्ड २८च्या मोडला पाच तास जातं. पण तेच ६४चं कार्ड १०० एमबीपीएसच्या फोर-केला जेमतेम ८५ मिनिटांत भरतं. 'मोठंच घ्या' हा सल्ला म्हणूनच अपुरा. एकाच कार्डाचे पाच तास होतात किंवा दीड तासही होत नाही.

इथे एक शंका हमखास येते. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की २९.८ दिसतं, मग बाकीचे गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. कार्ड बनवणारे १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणतात, विंडोज सुमारे १०७ कोटींना म्हणतं. मोजमाप वेगळं आहे, माल तेवढाच. आपला हिशेब कार्डवाल्यांच्या मापानेच केला आहे, तेव्हा त्यातून पुन्हा काही वजा करायला नको. आणखी एक. २४ ही सहसा वरची मर्यादा असते, १७ ही सरासरी. स्थिर रंगमंचावर कमी डेटा लागतो, मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीला किंवा फुटाळ्याच्या हलत्या पाण्याला जास्त. त्यामुळे पडद्यावरची 'उरलेली मिनिटं' मधेच वाढलेली दिसली तर कॅमेरा बिघडला असं समजू नका.

तासाला किती जीबी ते कळलं. आता तास किती, हे ठरवायचं, आणि खरी चूक इथे होते. लग्न सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आहे म्हणून दहा तासांचं कार्ड लागत नाही. घरचा माणूस कॅमेरा हातात धरून फिरतो तेव्हा बटण बंदच जास्त वेळ असतं. तासामागे वीस मिनिटं धरा. सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, पाठवणी असं सगळं धरून दहा तासांचे साडेतीन तास होतील. २४च्या मोडला त्याचे ३७-३८ जीबी. म्हणजे ३२चं एक पुरणार नाही, दोन लागतील.

ट्रायपॉडची गोष्ट वेगळी. वसंतराव देशपांडे सभागृहात शाळेचं गॅदरिंग आहे किंवा सुरेश भट सभागृहात मुलीचं नृत्य आहे. कॅमेरा एका जागी ठेवलेला आणि बटण सुरुवातीपासून चालू. इथे छापील वेळेवर विसंबून हिशेब करू नका. २४च्या मोडला अडीच तासांचे २७ जीबी होतात, ३२चं कार्ड कागदावर पुरतं. पण पाहुण्यांची भाषणं कार्यक्रमपत्रिकेच्या वेळेत आटोपतात असा अनुभव नागपुरात तरी कोणाला नसावा. इथे ६४चंच घ्या. आणि बॅटरीही बघा. कॅमेऱ्यासोबत आलेली छोटी बॅटरी अडीच तास सहसा टिकत नाही, म्हणून ॲडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड सोबत न्या. नाहीतर कार्डात जागा उरलेली आणि कॅमेरा बंद, अशी गत होते.

ताडोबा किंवा पेंचला जात असाल तर फेरीला निघण्याआधीच कार्ड रिकामं करून ठेवा. उघड्या जिप्सीत, धुळीत कार्डाचं झाकण उघडायचं नाही. तिथे तुकडे छोटे छोटे घेतले जातात, त्यामुळे फोर-के घेतलं तरी एका फेरीला ६४ जीबी पुरतात.

पण हे सगळं तुमच्या कॅमेऱ्याला ते कार्ड चालत असेल तरच. साधी एसडी कार्डं २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्याच्या वरची, २ टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी. आकार तोच, खाचेत बसतंही नीट, पण एसडीएचसीवर फायली ठेवायची मांडणी फॅट-३२ असते आणि एसडीएक्ससीची एक्स-फॅट. एसडीएक्ससी २००९ साली जाहीर झालं. त्याआधीचे आणि त्या सुमाराचे पुष्कळ कॅमेरे फक्त एसडीएचसी ओळखतात. त्यांत ६४चं कार्ड घातलं की 'कार्ड एरर' येतं. खाचेजवळ किंवा पुस्तिकेत एसडीएक्ससीचं चिन्ह नसेल तर ३२च्या पुढे जाऊ नका. ६४चं कार्ड कॉम्प्युटरवर फॅट-३२ करून चालवणारे लोक आहेत, आणि काही कॅमेऱ्यांत ते चालतंही. प्रयोग म्हणून ठीक. लग्नाच्या दिवशी नको. जुन्या सोनी कॅमेऱ्यांपैकी काहींना तर एसडी चालतच नाही, मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते. जुना कॅमेरा दुकानात सोबत नेणंच बरं.

कार्ड रीडरही असाच जुना असतो. नवं एसडीएक्ससी कार्ड जुन्या रीडरला लावलं की कॉम्प्युटर विचारतो, 'फॉरमॅट करायचं का?' इथे 'हो' म्हणायचं नाही. कार्ड काढा आणि यूएसबी केबलने कॅमेराच जोडा.

वेगाबद्दल फार डोकं शिणवायची गरज नाही. कार्डावर इंग्रजी 'सी'च्या गोलात १० लिहिलेलं असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी असते. २४च्या मोडला लागतात ३, २८ला साडेतीन. क्लास १० भरपूर झालं. १०० एमबीपीएसच्या फोर-केला मात्र सेकंदाला १२.५ एमबी लागतात, तिथे क्लास १०ची हमी तोकडी पडते. इंग्रजी 'यू'च्या आत ३ किंवा 'व्ही ३०' असं चिन्ह बघून घ्या. त्याची हमी ३० एमबीची. व्ही ६०, व्ही ९० घरगुती कॅमेऱ्यासाठी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पुढच्या बाजूला ठळक छापलेले १०० किंवा १७० एमबी हे बहुधा वाचण्याच्या वेगाचे असतात, त्यावर भुलू नका. कार्ड संथ असलं तर रेकॉर्डिंग काही सेकंदांत आपोआप थांबतं आणि पडद्यावर सूचना येते. मायक्रोएसडी ॲडॅप्टरमध्ये घालून चालतं, पण सैल पडण्याची एक जागा वाढते. पूर्ण आकाराचं कार्ड मिळत असताना कशाला?

एक मोठं की दोन मध्यम? माझं मत स्पष्ट आहे, दोन मध्यम. फुल एचडीला एका ६४ऐवजी ३२ची दोन, फोर-केला एका १२८ऐवजी ६४ची दोन. कार्ड बिघडलं किंवा गर्दीत हरवलं तर हळद गेली तरी लग्न राहतं. उलट टोकाला जाऊन ८-८ जीबीची चार घेतलीत, तर अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी कार्ड बदलत बसाल. ट्रायपॉडवरचा सलग कार्यक्रम तेवढा अपवाद, तिथे एकच मोठं.

खोट्या कार्डांचं काय? वर ६४ छापलेलं, आत ८ जीबीची चिप, आणि कॅमेऱ्याला ६४च सांगणारा कंट्रोलर. पहिले ८ जीबी व्यवस्थित जातात. पुढचं जुन्यावर लिहिलं जातं किंवा कुठेच लिहिलं जात नाही, आणि कॅमेरा मात्र लाल दिवा लावून बसलेला. घरी येऊन फायली उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्याच दिवशी तपासा. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, मॅक आणि लिनक्सवर एफ-थ्री. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. ६४ जीबीला तासाभराहून जास्त वेळ लागू शकतो, लागू द्या. रिकाम्या कार्डावरच करा. ही तपासणी झाली की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नाही. कारण कॅमेऱ्याला हवी तशी फोल्डरं कॅमेराच मांडतो.

त्या फोल्डरांची मोडतोड करू नका. एव्हीसीएचडीत 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत एकात एक तीन फोल्डरं असतात आणि चित्रण सगळ्यात आतल्या 'स्ट्रीम'मध्ये, एमटीएस नावाच्या फायलींत. बरेच जण तेवढ्याच फायली उचलून आणतात. फॅट-३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, काही कॅमेरे तर २ जीबीलाच तोडतात. म्हणजे २४च्या मोडला दर चोवीस किंवा बारा मिनिटांनी नवी फाइल. हे तुकडे नुसते एकापुढे एक लावले की जोडावर आवाज क्षणभर तुटतो, नाचाच्या कार्यक्रमात तबल्याचा बोल गेलेला लगेच कळतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने आयात केलंत तर ते जोड नीट सांधले जातात. त्यासाठी 'प्रायव्हेट' फोल्डर अख्खंच्या अख्खं उतरवा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि दोन्हीकडून चालवून बघितल्यावरच कार्ड फॉरमॅट करा. कार्ड भरून कपाटात ठेवणं हा साठा नव्हे. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडलेल्या फ्लॅश मेमरीतला डेटा हळूहळू विरतो.

उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी एक सूचना. चांगल्या कार्डाची मर्यादा ८५ अंशांपर्यंत असते, कार्ड तग धरतं. कॅमकॉर्डरची मात्र सहसा ४० अंशांपर्यंतच, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. कॅमेरा गाडीत ठेवू नका, मांडवातही बॅग सावलीला ठेवा.

'लिहिता येत नाही' असं आलं तर आधी कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी बघा. घालताना ती लॉककडे सरकते. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली तर घाबरून फॉरमॅट करू नका. चार्ज केलेली बॅटरी घालून तेच कार्ड पुन्हा लावा; अनेक कॅमेरे 'दुरुस्त करू का?' असं विचारतात, तिथे 'हो' म्हणा. आणि चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, लगेच काढून ठेवा. फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने बरंचसं परत मिळू शकतं. फायलींची मूळ नावं मिळणार नाहीत, लांब चित्रण तुकड्यांत मिळेल, आणि मिळालेलं त्याच कार्डावर न उतरवता कॉम्प्युटरवर उतरवायचं.