आर्पेलांच्या घरातले आवाज

श्रोतेहो, नमस्कार. ज्या चित्रपटाचा नायक जवळजवळ बोलतच नाही, त्याच्याविषयी नभोवाणीवरून बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु दिग्दर्शक झाक ताती यांच्या ‘मों ओंक्ल’, म्हणजे ‘माझा मामा’, या १९५८ सालच्या फ्रेंच चित्रपटातला निम्मा विनोद कानांसाठीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सावरलेल्या फ्रान्समध्ये नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, मोटारी आणि घरगुती यंत्रे मध्यमवर्गाच्या आटोक्यात येत होती. त्या काळातल्या एका सधन कुटुंबाची ही गोष्ट आहे. प्लास्टिकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख असलेले श्रीयुत आर्पेल, त्यांच्या टापटिपीच्या पत्नी आणि मुलगा जेरार हे एका अत्याधुनिक बंगल्यात राहतात. जेरारचा मामा उलो मात्र जुन्या वस्तीत, इमारतीच्या अगदी वरच्या खोलीत राहतो. ही भूमिका ताती यांनी स्वतःच केली आहे. बंगल्याची कल्पना चित्रकार झाक लाग्रांज यांच्या साहाय्याने साकारली आणि त्याचा सेट नीस येथील स्टुडिओत उभारला गेला.

या बंगल्याच्या अंगणात एक धातूचा मासा आहे. दारावरची घंटा वाजली की आर्पेलबाई धावत जाऊन बटण दाबतात आणि माशाच्या तोंडातून निळसर पाण्याची धार उडू लागते. आलेला माणूस प्रतिष्ठित पाहुणा असेल तर धार चालू राहते. तो घरातलाच असेल किंवा सामान पोहोचवणारा असेल तर पाणी लगेच बंद! यजमानीणबाईंच्या लेखी कोणाची किती पत आहे, हे त्या माशाच्या गुळगुळीवरून डोळे मिटूनही सांगता येईल. पुढे मेजवानीच्या दिवशी जमिनीखालची नळी फुटते आणि या दिमाखाचा पुरता फज्जा उडतो.

ताती यांनी ध्वनी बव्हंशी नंतर, वेगळा मुद्रित केला. त्यामुळे संवाद पुटपुटल्यासारखे मागे राहतात आणि टाचांची टकटक, यंत्रांची घरघर पुढे येते. दवाखान्यासारख्या स्वच्छ स्वयंपाकघरात उलोच्या हातून एक भांडे पडते, तर ते चेंडूसारखे उसळते. त्याला मौज वाटते, तो ते पुन्हा टाकून पाहतो. मग त्याच विश्वासाने एक पेला सोडतो आणि त्याचा चक्काचूर होतो. इकडे त्याच्या खोलीच्या खिडकीचे तावदान एका विशिष्ट कोनात फिरवले की उन्हाचा कवडसा समोरच्या पिंजऱ्यावर पडतो आणि त्यातला पक्षी गाऊ लागतो. तावदान हलले की गाणे थांबते, म्हणून मामा ते काळजीपूर्वक जागेवर आणून ठेवतो.

हा चित्रपट यंत्रयुगाविरुद्धचे आरोपपत्र आहे असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ताती यांचा रोख यंत्रांपेक्षा मिरवण्याच्या हौसेवर आहे. नागमोडी पायवाटेवरून एकमेकींकडे येणाऱ्या दोन बायका हात पुढे करून बोलतात खऱ्या, पण वाट वळेल तशी त्यांची तोंडे भलतीकडेच जातात. आणि तरीही गवतावर पाय ठेवण्याचा विचार दोघींच्याही मनात येत नाही. आर्पेल पतिपत्नींना ताती हास्यास्पद करतात, दुष्ट ठरवत नाहीत.

फ्रान्समधल्या कान शहराच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम परभाषीय चित्रपटाचे ऑस्करही. माझ्या मते त्याचा सर्वांत हुशार प्रसंग शेवटाकडे आहे. जुन्या वस्तीतली पोरे शिट्टी मारून वाटसरूंचे लक्ष विचलित करतात आणि ते बिचारे दिव्याच्या खांबावर आदळतात. जेरारला हा खेळ फार आवडतो. मामाला दूर गावी नोकरीवर पाठवताना विमानतळावर आर्पेल त्याला हाक मारण्यासाठी शिट्टी घालतात, भलताच माणूस वळून पाहतो आणि खांबावर आपटतो. बापलेक लपतात, आणि एरवी वडिलांपासून चार हात लांब राहणारा जेरार त्यांचा हात धरतो. बंगला तोच, मासा तोच, कारखानाही तोच राहतो. फक्त वडिलांनी नकळत मामाची जागा घेतलेली असते, आणि तेही कपाटातल्या कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय.